आधीचा बरा होता

इतर माणसं सिनेमात कोण आहे ते बघायला जातात. नाना कोण नाही ते बघायला जातात. त्यातून तो बाँडपट असला आणि बाँड नवीन असला, तर नानांच्या या गुणाला बहर येतो. दिवे मालवतात, पडद्यावरून पांढरे ठिपके सरकत जातात, बंदुकीच्या नळीतून दिसणारा तो माणूस चालत येतो, गर्रकन वळतो, गोळी झाडतो, आणि नाना माझ्या कानाशी लागून म्हणतात, "चाल बघितलीस? ही ती चाल नव्हे."

अजून नटाचं नावसुद्धा पडद्यावर आलेलं नसतं.

नाना दादरचे, बँकेतून निवृत्त झालेले, आमच्या वरच्या मजल्यावरचे. पण त्यांना एकटे समजू नका. तुमच्याकडे ते अप्पा असतील, भाऊ असतील, एखाद्या घरी मावशीही असतील. प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक ऑफिसात असा एक जण नेमलेला असतो. नवीन आलेल्याकडे बघून 'आधीचा बरा होता' म्हणायचं, एवढंच त्याचं काम. पगार नसतो, पण माणूस कामाला चोख.

नानांच्या घराण्यातच हे आहे. त्यांच्या वडिलांनी बालगंधर्वांना ऐकलं होतं. त्यामुळे पुढे कोणीही गायला बसलं की ते पानाचा डबा उघडत, आणि तो मिटेपर्यंत गाणं संपलेलं असे. खुद्द नानांनी शिवाजी मंदिरात डॉक्टर लागूंचा 'नटसम्राट' पाहिला. पुढे ती भूमिका दत्ता भटांनी केली तेव्हा नाना तिकीट काढून गेले, शेवटपर्यंत बसले, आणि बाहेर येऊन "लागू ते लागू" एवढंच बोलले. त्याच्याही पुढे आणखी कोणीतरी ती भूमिका केली. तेव्हा नाना हळहळले, "दत्ता भटांचा बेलवलकर बघायला हवा होतात तुम्ही." बँकेतही तेच. मॅनेजर बदलून गेला की नानांच्या लेखी तो देवमाणूस होई. तो हजर असताना त्याच्याच केबिनबाहेर नाना युनियनच्या घोषणा देत असत, ती गोष्ट वेगळी.

नाना बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या पिढीतले. झुंजार आणि काळापहाड अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचलेले. एकटा माणूस दहा जणांना लोळवतो, यात त्यांना कधीच काही खटकलं नाही. तो एकटा कोण, एवढंच ते बघतात. कॉलेजात असताना लोकलने चर्चगेटला उतरलं की समोर इरॉस, तिथून चालत गेलं की रीगल. इंग्रजी सिनेमा म्हणजे फोर्टाच्या बाजूला जायचं, असा तेव्हाचा नियम. तिथे त्यांना शॉन कॉनरी भेटला. इंग्रजी निम्मं कळत नसे आणि उरलेलं निम्मं कॉनरीच्या स्कॉटिश वळणात हरवत असे. पण कोट कसा झटकायचा, सिगारेट पेटवताना नाव कसं सांगायचं, हे भाषेवाचून कळतं. कॉनरी नानांचा पहिला बाँड, म्हणून खरा बाँड.

या खऱ्या बाँडबद्दल नानांना दोन गोष्टी सांगायची सोय नाही. पहिली म्हणजे इयान फ्लेमिंगलाच तो आधी पसंत नव्हता. एडिंबरात दूध टाकणारा, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांत उतरलेला हा गडी आपल्या खानदानी नायकाला शोभणार नाही, असं लेखकाचं मत होतं. १९६२मध्ये 'डॉ. नो' आला, आणि फ्लेमिंग इतका विरघळला की पुढच्या एका कादंबरीत त्याने बाँडचा बाप स्कॉटिश करून टाकला. म्हणजे पहिले नाना स्वतः फ्लेमिंगच. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. कॉनरीने बाँडच्या भूमिका टोप लावून केल्या. हे मी एकदा बोलून गेलो, तर नानांनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. उडणारी माणसं, पाण्याखाली चालणाऱ्या मोटारी, सगळं खोटं असलेलं नानांना चालतं. कॉनरीचे केस खोटे म्हणायचे नाहीत.

इथपर्यंत नाना साधे भक्त वाटतील. गंमत पुढे आहे.

१९७३मध्ये रॉजर मूर आला. नाना म्हणाले, "हा मारामारी करतो की भांग सांभाळतो?" त्यानंतर बारा वर्षं आणि सात सिनेमे नाना त्याच्या एका भुवईला नावं ठेवत राहिले. १९८३च्या 'ऑक्टोपसी'ने तर कळस केला. बाँड उदयपूरला आला. निखारे, खिळ्यांची शय्या, तलवार गिळणारा, पुंगीवर बाँडचीच धून वाजवणारा गारुडी, आणि तो गारुडी म्हणजे आपले विजय अमृतराज, जे पुढे ऑटोरिक्षात बसून टेनिसच्या रॅकेटने गुंडांना हाणतात. जुगारात जिंकलेली नोटांची गड्डी हिंदी सहकाऱ्याच्या हातात कोंबून बाँड त्याला करीवरून टोमणा मारतो. नानांचा देशाभिमान दुखावला. त्यांनी एका वर्तमानपत्राला दीर्घ पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही, हेही त्यांनी मूरच्याच खात्यात मांडलं. १९८५च्या 'अ व्ह्यू टू अ किल'मध्ये मूर सत्तावन्न वर्षांचा होता. छत्तिशीतले नाना म्हणाले, "याला जिना चढवत नाही, हा जग काय वाचवणार!"

आणि १९८७मध्ये टिमथी डाल्टन आला. त्या संध्याकाळी नानांचा चेहरा घरातलं कोणी गेल्यासारखा झाला होता, असं काकू सांगतात. "मूरची मिश्कील नजर कुठे आणि हा सुतकी चेहरा कुठे! काही म्हणा, बाँडला हिंदुस्थानात आणला तो मूरनेच. आपला कबीर बेदी विमानाच्या टपावर उभा होता, आठवतं?" डाल्टनने दोनच सिनेमे केले. मग कोर्टकचेऱ्यांत सहा वर्षं गेली, बाँड आलाच नाही, आणि या सहा वर्षांत नानांचं डाल्टनवर निवांत प्रेम बसलं. फ्लेमिंगने लिहिलेला बाँड डाल्टनच्याच सर्वांत जवळ, असं ते सांगू लागले. तेवढ्यात १९९५ उजाडलं आणि पिअर्स ब्रॉसनन आला. "हा? हा तर सूटिंग-शर्टिंगच्या जाहिरातीतला!"

मधला जॉर्ज लेझेनबी या फेऱ्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियन मॉडेल, १९६९मध्ये एकच सिनेमा करून गेला, आणि त्याच्या जागी १९७१मध्ये परत कॉनरीच आला. लेझेनबीची उणीव भासायला नानांना वेळच मिळाला नाही.

तेव्हा कॉनरी हा नानांचा फक्त कुळाचा देव. रोजची पूजा मात्र नुकत्याच गेलेल्याची. नाना जुन्याचे भक्त आहेत असं लोक समजतात, पण त्यांची भक्ती माजी या पदावर आहे. माणूस जागेवरून उठला रे उठला की त्याच्या डोक्यामागे नानांना प्रभावळ दिसायला लागते. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे माजी मुख्यमंत्री, माजी संपादक आणि माजी मुख्याध्यापक यांच्याइतकं प्रेम आजींना कधी मिळालंय?

२००५च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं. थेम्स नदीतून नौदलाच्या बोटीत बसवून त्याला पत्रकारांसमोर आणलं, आणि सुरक्षेच्या नियमाप्रमाणे त्याच्या सुटावर लाइफ जॅकेट चढवलं होतं. तो फोटो नानांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवला. येईल त्याला दाखवत. "बाँड बुडायला घाबरतो?" त्यात हा पिंगट केसांचा, निळ्या डोळ्यांचा, उंचीला बेताचा. इंग्लंडातही पुष्कळ नाना निघाले. सिनेमावर बहिष्कार घालण्याची भाषा झाली, वर्तमानपत्रांनी टर उडवली. परदेशातही आपल्यासारखे विचारी लोक आहेत, हे पाहून आमच्या नानांना भरून आलं. आणि ब्रॉसननबद्दल ते हळवे झाले. "काय क्लास होता त्याच्यात!"

"नाना, त्याच्या शेवटच्या सिनेमात अदृश्य मोटार आली तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेला होतात."

"मोटार अदृश्य होती. बाँड दिसत होता ना?"

२००६च्या नोव्हेंबरात 'कसिनो रोयाल' लागला. बहिष्काराचे पुरस्कर्ते नाना पहिल्याच दिवशी तयार. इस्त्रीचा शर्ट, काकूंना बरोबर घेतलेलं, मला मध्ये बसवलेलं. आणि सिनेमाने पहिल्याच मिनिटात नानांच्या हातातलं हत्यार काढून घेतलं. पांढरे ठिपकेच नाहीत! पडदा कृष्णधवल, प्राग शहर, एका ऑफिसच्या अंधारात बसलेला बाँड. मधूनच एका स्वच्छतागृहात चाललेली मारामारी दिसते, आणि ती बघवत नाही अशी आहे. बेसिनच्या काठावर माणूस आपटतो, धाप लागते, गुदमरतो. बाँडला मारण्याचा परवाना अजून मिळालेला नाही. त्यासाठी लागणारे दोन बळी तो आत्ता घेतोय. ती नळी आणि ती गोळी शेवटी येतात, पण त्या मारामारीतून फुटून आल्यासारखी. नानांना चाल बघताच आली नाही, कारण बाँड चाललाच नाही.

"रंग कधी येणार?" त्यांनी विचारलं. रंग आले तर नामावलीत फक्त पत्ते, बदाम-इस्पिक आणि गोळ्या झाडणारे पुरुष. एरवी तिथे तरंगणाऱ्या बायकांच्या आकृत्या गायब. "त्या कुठे गेल्या?" नाना थोडं मोठ्याने बोलले. पुढच्या रांगेतले दोघे वळून हसले. काकूंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून नानांना दिली. ही त्यांच्या घरातली जुनी युक्ती आहे.

मग मादागास्करमधला पाठलाग आला. पुढे पळणारा माणूस म्हणजे सेबास्तियाँ फुकाँ, भिंती-कठड्यांवरून उड्या घेत पळण्याच्या त्या फ्रेंच विद्येतला उस्ताद. तो एका बांधकामातल्या भिंतीवरच्या चिंचोळ्या फटीतून मासोळीसारखा पार होतो. मागून बाँड येतो. तो उडी मारत नाही, फट शोधत नाही, सरळ भिंत फोडून बाहेर पडतो. माझ्या मते नव्या माणसाची सगळी ओळख त्या एका क्षणात झाली. याला नजाकत येत नाही, हे त्याला माहीत आहे आणि त्याला त्याची फिकीर नाही. दिग्दर्शक मार्टिन कँपबेल. १९९५मध्ये ब्रॉसननला उभा करणाराही तोच. एकाच माणसाने दोन सर्वस्वी वेगळे बाँड बोहल्यावर चढवले, हे मला मोठं कसब वाटतं.

नाना म्हणाले, "दार नव्हतं का तिथे?"

बहामाच्या समुद्रातून क्रेग पोहण्याच्या तोकड्या चड्डीत बाहेर आला, तेव्हा मात्र आमच्या रांगेत एक नवीनच आवाज ऐकू आला. काकू "अगंबाई" म्हणाल्या. १९६२मध्ये समुद्रातून उर्सुला अँड्रेस बाहेर आली होती आणि अख्ख्या पिढीतल्या नानांनी ती आठवण जपून ठेवली होती. चव्वेचाळीस वर्षांनी तिची फेड झाली. नानांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी स्वतःच एक लिमलेटची गोळी तोंडात टाकली.

मध्यंतरात नाना निकाल देतात. समोसा एका हातात, चटणीची पुडी दुसऱ्या, आणि आसपासच्या चार अनोळखी लोकांना ऐकू जाईल असा आवाज. "क्यू कुठाय? मनीपेनी कुठाय? घड्याळातून दोर निघत नाही, पेनातून स्फोट होत नाही. आणि साहेबांच्या घरात घुसतो! त्यांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड वापरतो! आमच्या रीजनल मॅनेजरच्या घरी मी गणपतीतसुद्धा आधी फोन करून जायचो." ती साहेबीण म्हणजे ज्युडी डेंच. ब्रॉसननच्या वेळचीच ही 'एम', तिला मात्र तसंच ठेवलंय, याचं नानांना समाधान होतं. ती प्रत्येक वेळी बाँडला झापते. नाना प्रत्येक वेळी मान डोलावतात. एवढ्या मोठ्या थिएटरात त्यांच्या बाजूचं तेवढंच एक पात्र होतं.

उत्तरार्धात जुगार सुरू झाला आणि नानांना कंठ फुटला. फ्लेमिंगच्या १९५३च्या कादंबरीत बाकारा आहे. सिनेमावाल्यांनी त्याचा टेक्सस होल्डेम पोकर केला. नानांना यातलं काहीच येत नाही. त्यांची मजल मेंढीकोट आणि फार तर गोकुळाष्टमीची तीनपत्ती. पण पडद्यावर बाँडचा साथीदार मॅथिस नायिका व्हेस्परला डाव समजावून देत होता आणि इकडे नाना काकूंना. "हे बघ, दोन पत्ते ज्याचे त्याचे. मधले पाच सामायिक. चाळीतल्या नळासारखे. सगळ्यांनी त्यातूनच भरायचं." हे वर्णन इतकं चपखल होतं की मागच्या रांगेतल्या एका मुलाने "थँक यू, काका" म्हटलं. नाना क्षणभर सिनेमावर खूश झाले.

पण ते टिकलं नाही. डाव हरलेल्या बाँडला बारवाला विचारतो की मार्टिनी हलवून देऊ की ढवळून, आणि बाँड म्हणतो, मला काय फरक पडतो. थिएटर हसलं. नाना हसले नाहीत. ज्याने चाळीस वर्षं देव्हाऱ्यातला शंख पुसला, त्याच्यादेखत कोणीतरी तो कागदांवर वजन म्हणून ठेवला होता.

एक जागा अशी होती की तिथे नानाही बोलले नाहीत. जिन्यातली झटापट संपते, दोन माणसं मरतात, बाँड रक्त धुऊन शर्ट बदलून परत डावावर बसतो. नंतर खोलीत येतो तर व्हेस्पर शॉवरखाली कपड्यांनिशी बसलेली, थरथरत. एरवीच्या बाँडने इथे काय केलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. हाही कपड्यांसकट तिच्या शेजारी पाण्यात बसतो आणि पाणी थोडं गरम करतो. एव्हा ग्रीन आणि क्रेग दोघंही त्या दृश्यात जवळजवळ काही करत नाहीत. बाँडपटांत माणूस मेल्यावर कोणालातरी काहीतरी वाटतं, हे दाखवायला एवढी वर्षं लागली. नाना गप्प होते. त्यांनी चष्मा पुसला आणि एसी फार गार आहे म्हणाले.

नंतर बाँड प्रेमात पडला. खरोखरीचा. व्हेनिसला गेला आणि लॅपटॉप उघडून त्याने नोकरीचा राजीनामा पाठवला.

हे मात्र नानांच्या सहनशक्तीपलीकडचं होतं. रक्त, छळ, तो बूड नसलेल्या खुर्चीवरचा भयंकर प्रसंग, सगळं त्यांनी पचवलं होतं. राजीनामा पचेना. "सरकारी नोकरी सोडतो? परमनंट? व्हीआरएससुद्धा न घेता?" २००१मध्ये बँकेत व्हीआरएसची लाट आली तेव्हा घरच्यांनी, साहेबांनी आणि खुद्द युनियनने सुचवूनही नाना जागचे हलले नव्हते. सिनेमा संपला तरी त्यांचं डोकं तिथेच. टॅक्सीत बसल्यावर त्यांना लेझेनबी आठवला. त्या सिनेमातही बाँड चिडून राजीनामा टंकायला सांगतो, पण मनीपेनी हुशार. ती राजीनाम्याऐवजी दोन आठवड्यांच्या रजेचा अर्ज टंकते आणि साहेबांची सही घेते. "बघ," नाना विजयी मुद्रेने म्हणाले, "मी मध्यंतरातच म्हटलं होतं, मनीपेनी कुठाय. ऑफिसात एक शहाणी बाई असती तर हा प्रसंग आला असता का?"

बाँडपटांवर मी बरंच वाचलंय. इतकं मुद्द्याचं मला कुठे सापडलेलं नाही.

काकूंना सिनेमा आवडला होता. त्यांनी कारणही सांगितलं. "हा निदान एकीसाठी तरी रडला. आणि त्या मुलीने नुसत्या नजरेने माप घेऊन त्याला कोट शिवून आणला. तुमच्या शर्टाचं माप मला अजून टेप लावून घ्यावं लागतं, दर दिवाळीला बदलतं." टॅक्सीवाला हसला. नाना खिडकीबाहेर बघू लागले.

जगाने 'कसिनो रोयाल' डोक्यावर घेतला. तोवरच्या बाँडपटांत सर्वांत जास्त गल्ला त्याने जमवला, क्रेगला बाफ्टाचं नामांकन मिळालं, बहिष्कारवाले पांगले. नाना पांगले नाहीत. २००८, २०१२, २०१५, प्रत्येक वेळी ते पहिल्या दिवशी गेले आणि प्रत्येक वेळी ब्रॉसननची आठवण काढत परतले. २०१५च्या 'स्पेक्टर'मध्ये आपल्या सेन्सॉर बोर्डाने चुंबनं निम्मी छाटली, आणि देशभर संस्कारी बाँडची थट्टा झाली. नानांनी त्याचाही दोष क्रेगला दिला. "ब्रॉसननने घेतलेला मुका कापायची कोणाची छाती झाली नसती."

नियती इतकी क्रूर असते की पुढच्याच वर्षी ब्रॉसनन भारतीय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकला. दाढी राखलेला, काळ्या सुटात, हातात पानमसाल्याचा डबा. मी मुद्दाम तो अंक घेऊन वर गेलो. नानांनी तो बराच वेळ पाहिला. "डबा धरलाय कसा बघ," ते म्हणाले, "वॉल्थर धरल्यासारखा." काही दिवसांनी ब्रॉसननने खुलासा केला की आपली फसवणूक झाली, वस्तू काय आहे हे नीट सांगितलंच नव्हतं. नानांना उलट अभिमान वाटला. रशियन, चिनी, उत्तर कोरियन यांना न जमलेलं काम शेवटी आपल्या माणसांनी करून दाखवलं होतं.

मग तो कोविडचा काळ. क्रेगचा शेवटचा सिनेमा पुढे पुढे ढकलला गेला. त्यात २०२०च्या ऑक्टोबरअखेर कॉनरी गेला, नव्वदीचा होऊन. नानांनी त्या दिवशी टीव्ही लावला नाही. 'नो टाइम टू डाय' २०२१च्या सप्टेंबरअखेर देशात लागला, पण महाराष्ट्रातली थिएटरं २२ ऑक्टोबरला उघडली. ते तीन आठवडे नानांनी गुजरातेतल्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं, कारण त्याने सिनेमा बघितला होता आणि तो फोनवर सारखा "सांगू का?" म्हणत होता. शेवटी लशीचं प्रमाणपत्र खिशात, तोंडाला मास्क, एकाआड एक खुर्ची रिकामी, अशा थिएटरात आम्ही बसलो. मध्ये मोकळी खुर्ची असल्यामुळे नानांना कानाशी लागता येईना. त्यांनी सगळा सिनेमा पहिल्यांदाच न बोलता पाहिला, आणि मला वाटतं, त्यामुळेच तो त्यांना आवडला.

एकदाच ते उसळले. बाँड निवृत्त होऊन जमैकात राहतोय आणि दरम्यान ००७ हा नंबर दुसऱ्याच एका तरुण एजंट बाईला दिलेला आहे, हे कळलं तेव्हा. "नंबर देऊन टाकला?" ते रिकाम्या खुर्चीवरून ओरडले. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी नाना सहज म्हणून बँकेत गेले होते, तर त्यांच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती आणि तिने त्यांना टोकन घ्यायला सांगितलं होतं.

शेवटी बेटावर क्षेपणास्त्रं येतात. बाँड वर उभा राहून वाट बघतो. नानांनी दोन बोटांनी मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. बाहेर पडल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून ते म्हणाले, "असा बाँड पुन्हा होणे नाही."

"कोण? कॉनरी?"

"क्रेग रे. काय माणूस होता!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी हे चारदा पाहिलेलं आहे.

२०२५मध्ये बाँडच्या घरची सूत्रं ॲमेझॉनकडे गेली, पुढे दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं, आणि नट अजून ठरायचा होता. नाना कामाला लागले. ज्या कोणाचं नाव हवेत येई त्याचा फोटो नातवाच्या मोबाइलवर मागवून, चष्मा वर-खाली करून, ते त्याला बाद करत. एकाचे कान मोठे, एकाची जिवणी बायकी, एक फारच हसरा. एकदा नातवाने गंमत म्हणून कॉनरीचाच तरुणपणीचा, टोप नसलेला फोटो दाखवला. नाना म्हणाले, "हा कोण? नको. कपाळ फार पुढे आलंय."

पण त्या दिवशी खरा प्रसंग पुढेच होता. नातू कॉलेजात जाणारा, त्याच्या डोळ्यांना कळायला लागल्यापासून बाँड म्हणजे क्रेग. तो सोफ्यावर लोळत म्हणाला, "नाना, काय बघताय उगाच? क्रेगनंतर बाँड नाही. विषय संपला."

नानांनी मोबाइल खाली ठेवला. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती. "असं कसं? नव्या माणसाला जरा संधी द्यायला नको?"

मी आणि काकू एकदमच ताठ बसलो.

"आणि तू कॉनरी पाहिलास का कधी?" नाना पुढे सरसावले.

"पाहिला. स्लो आहे."

"मूर?"

"कॉमेडी."

"ब्रॉसनन?"

"तो पानमसालावाला?"

नाना उठून उभे राहिले, खिडकीपाशी गेले, परत आले. काकूंनी लिमलेटची बरणी जवळ ओढली. पण नाना चिडले नव्हते. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुला क्रेग तरी कुठे कळलाय अजून? नवा येऊ दे. त्याला बघ. मग कळेल तुला क्रेग काय होता." आणि माझ्याकडे वळून, "तिकिटं पहिल्याच दिवसाची काढ हं. नावं ठेवायची तर पहिल्या दिवशी ठेवावीत. दुसऱ्या दिवशी काय, कोणीही ठेवतो."